वाचकांचे प्रश्न : ठरलंय सगळं, हात मात्र लागत नाही

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओझरतं लिहून गेले होते, की कामं उद्यावर ढकलणारी माणसं बहुतेक वेळा आळशी नसतात. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते अजिबात पटलेलं नाही; "बाई, तुम्ही आळशांची बाजू घेता" असं एका गृहस्थांनी स्पष्टच कळवलं आहे. बाकीच्यांनी आपापली हकिगत लिहिली. त्यातली चार पत्रं आज घेते. प्रश्न समजेल एवढाच मजकूर ठेवला आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की माझी सगळी नोकरी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत दहावीला गणित शिकवण्यात गेली. दिवसभर हमाली, धुणीभांडी, हॉटेलकाम करून संध्याकाळी वर्गात येणारी मुलं आणि मोठी माणसं माझ्यासमोर बसायची. आज जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे बघून कळलेलं आहे. जिथे अभ्यासकांच्या प्रयोगाचा आधार आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून चार वर्षांपूर्वी पुण्यात आलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. सकाळी आठला अभ्यासिकेत जागेवर असतो, रात्री दहाला उठतो. बघणाऱ्याला वाटेल पोरगं लई घासतंय. खरं सांगायचं तर दिवसातले चार तासही नीट अभ्यास होत नाही. दर रविवारी नवीन टाइमटेबल करतो. टॉपरच्या मुलाखती बघतो, नोट्स रंगीत पेनांनी अधोरेखित करतो. उत्तरलेखन उद्यापासून, असं गेलं वर्षभर चाललंय. वडील सोयाबीनच्या पैशांतून महिन्याचा खर्च पाठवतात. त्यांचा फोन आला की उचलवत नाही. बाई, माझ्यात शिस्त कशी येईल? (नाव छापू नये, पुणे)

उत्तर : तू सकाळी आठला जागेवर असतोस आणि रात्री दहाला उठतोस. एवढा वेळ एका खुर्चीला धरून बसणाऱ्या मुलात शिस्त नाही, असं मी म्हणणार नाही. तुझं पत्र पुन्हा वाचून बघ. वाचन होतंय, अधोरेखन होतंय, टाइमटेबल होतंय, मुलाखती बघून होतायत. होत नाही ती एकच गोष्ट, उत्तरलेखन. सगळ्या दिवसाची नाकेबंदी त्या एका जागी झाली आहे. तेव्हा आपण "माझ्यात शिस्त नाही" हे एवढं मोठं वाक्य बाजूला ठेवू आणि त्या एका जागेकडे बघू.

2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर. त्यातले भाषेचे दोन पात्रतेपुरते, उरलेले सात मिळून 1,750 गुण. हे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. आधीच्या पद्धतीत समोर चार पर्याय असायचे आणि वाचलेलं आठवलं की गोल रंगवायचा. आता समोर कोरा कागद असतो. पुस्तक वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटत राहतं. कोऱ्या कागदावर तिसऱ्या ओळीलाच कळतं की येत नाहीये. आणि तुझ्या बाबतीत ते कळणं फार महाग पडतं, कारण त्या तिसऱ्या ओळीच्या मागे सोयाबीनचे पैसे उभे आहेत. उत्तर फसलं, की तुला आपला एक प्रश्न चुकला असं वाटत नाही, वडिलांना फसवतोय असं वाटतं. पेन हातात घेतलं की पोटात तो गोळा येतो. मोबाइलवर कुणाची तरी मुलाखत लावली की तो लगेच जातो, शिवाय अभ्यासच चाललाय असंही वाटतं. दिवसातून चार-पाच वेळा असं झालं, की अंगाला त्याची सवय लागते.

हे मी मनाने रचून सांगत नाही. फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिकिल या दोन अभ्यासकांनी 2013 मध्ये हीच मांडणी केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कामाची टाळाटाळ ही मुळात वेळेच्या नियोजनाची अडचण नाही. कामामुळे मनात जे वाईट वाटतं त्यापासून त्या क्षणापुरती सुटका करून घेण्याची ती धडपड आहे. म्हणून तर तुझी टाइमटेबलं चालत नाहीत. टाइमटेबल वेळेचा प्रश्न सोडवतं, आणि तुझ्याकडे वेळ भरपूर आहे.

आता काय करायचं ते सांगते. फार थोडं आहे, पण ते जसंच्या तसं कर.

रात्री अभ्यासिकेतून उठण्याआधी एका कोऱ्या पानावर उद्याचा प्रश्न लिहून ठेवायचा. सरावाचा, दहा गुणांचा, एकच. पान वहीत सगळ्यात वर. सकाळी आठला जागेवर बसलं की मोबाइल बॅगेत, बॅग रॅकवर, आणि पहिली कृती म्हणजे त्या पानावर उत्तर लिहायचं. दीडशे शब्द. पुस्तक उघडायचं नाही. पहिले काही आठवडे आदर्श उत्तराशी ताडून बघायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, कुणाला दाखवायचंही नाही. उत्तर वाईट झालं तरी चालेल. वाईट उत्तर लिहिण्याचीच सवय आधी व्हायला हवी, सुधारणा मागाहून येते.

समज, प्रश्न आहे : 'मराठवाड्यातील पाणीटंचाईची कारणे स्पष्ट करा.' कागद बघून तुझं मन म्हणेल, आकडे पाठ नाहीत, आधी एकदा वाचून घेऊ. तिथेच थांब. तू लातूरचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा तू शाळेत असशील. पहिल्या गाडीत दहा वॅगन होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. तिथून सुरुवात कर. मग सह्याद्रीच्या पलीकडची पर्जन्यछाया, मग मांजरा धरण कोरडं पडणं, मग उसाचं क्षेत्र, मग बोअरची खोली. पाच मुद्दे झाले, आणि यातला एकही तुला शोधायला जावं लागला नाही. दोन मुद्दे अर्धवट राहतील. त्यांच्या समासात फुली कर आणि त्या दिवशी दुपारी फक्त त्या दोन फुल्यांपुरतं वाच. त्या वाचनाला दिशा असेल. आज तू जे वाचतोस त्याला दिशा नाही, म्हणून ते संपतही नाही आणि अंगीही लागत नाही.

जागा, वेळ आणि पहिली कृती आधीच ठरवून ठेवण्यावर मी एवढा जोर का देते? पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात याचे प्रयोग केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की नाताळच्या आदल्या दिवसाचा वृत्तांत दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. ज्यांच्याकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून घेतलं, त्यांच्यापैकी दहातल्या सातांनी वेळेत पाठवला. ज्यांची फक्त इच्छा होती, त्यांच्यापैकी दहातल्या तिघांनी. वृत्तांत लिहायची इच्छा दोन्हीकडे होती. फरक पडला तो क्षण येण्याआधीच निर्णय झालेला असण्याने. आठ वाजता "आता काय करू" हा प्रश्नच उरता कामा नये, कारण तो प्रश्न उरला की त्याचं उत्तर मोबाइल देतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवसभर भायखळ्याच्या भाजी बाजारात हमाली करायचा. वर्गात आला की फळ्यावर काही असो नसो, तो आधी वही उघडायचा, समासाची रेघ मारायचा, तारीख घालायचा आणि कालचं शेवटचं गणित पुन्हा उतरवून सोडवायचा. सोडवलेलंच गणित! मी एकदा विचारलं, "हे तर झालंय ना तुझं?" म्हणाला, "बाई, नवीन लगेच काढलं की डोळे मिटतात. हे केलं की हात चालू होतो." त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. थकलेल्या शरीराने आपली वाट आपण शोधली होती. तुलाही सकाळी हात चालू करायला कालच्या उत्तरातलं एखादं वाक्य पुन्हा सुधारून लिहावंसं वाटलं, तर जरूर लिही.

आता वाया गेलेल्या वर्षाबद्दल. तू पत्रात स्वतःला जे शब्द वापरले आहेस ते मी छापलेले नाहीत. ते तू वापरणं बंद कर, आणि हे मी नुसती समजूत काढायला सांगत नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यास टाळला म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. ज्यांनी माफ केलं नाही, त्यांच्यात असा बदल दिसला नाही. कारण उघड आहे. स्वतःला शिव्या दिल्या की कामाभोवतीचं वाईट वाटणं वाढतं, आणि वाईट वाटणं वाढलं की पळावंसं वाटतं. आपल्याकडे घरात आणि शाळेत चाबूक ओढल्याशिवाय पोरगं चालत नाही असं मानतात. मला ते कधी पटलं नाही.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 आहे. सव्वीसाव्या वर्षी ती रेघ इतकी लांब दिसते, की एक दिवस वाया गेल्याने काही बिघडलं असं वाटतच नाही. ती आयोगाची रेघ झाली. तुझी रेघ तू मार. किती अटेम्प्ट देणार आणि त्यानंतर काय करणार, हे कागदावर लिहून काढ आणि वडिलांना सांग. त्यांचा फोन उचल. तू पास होशील की नाही हे त्यांना आज ऐकायचं नाहीये. आज काय लिहिलंस एवढं सांगण्यासारखं तुझ्याकडे असलं, की फोन उचलणं आपोआप सोपं होईल. दिवसाला एक उत्तर झालं, तर तेवढं नक्की असेल.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हा शिस्तीचा प्रश्न राहत नाही. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करण्यात कमीपणा मानू नकोस.

प्रश्न : माझं वय 46. बारावीनंतर लग्न झालं. दोन वर्षांपूर्वी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आणली ती दिवाणाखाली आहेत, पिशवीची गाठसुद्धा सोडलेली नाही. दुपारी वेळ असतो, पण तेव्हा डोळा लागतो किंवा कुणी तरी येतं. रात्री आवराआवर होईस्तोवर साडेदहा. मुलगी म्हणते, "आई, तुला मनापासून करायचंच नाहीये." मलाही हल्ली तसंच वाटायला लागलं आहे. (सौ. सु. प., नाशिक)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं म्हणणं मला मान्य नाही. मनापासून नसतं तर चव्वेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं नसतं आणि पहिलं वर्ष "कसंबसं" काढलंही नसतं. घर सांभाळून निघालेल्या वर्षाला मी कसंबसं म्हणणार नाही.

तुमचं पत्र या चारांत वेगळं आहे आणि तसं सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. वर ज्या मुलाला उत्तर दिलं, त्याच्याकडे वेळ आहे आणि तो कामापासून पळतो. तुमच्याकडे वेळच नाही. जो आहे तो तुमचा नाही. दुपारी कुणी तरी येतं, म्हणजे तुमची दुपार येणाऱ्याच्या मालकीची आहे. रात्री साडेदहापर्यंतची आवराआवर एकट्या तुमची आहे. त्यानंतर पुस्तक उघडलं नाही म्हणून स्वतःला दोष देणं हा तुमच्यावर अन्याय आहे. सगळ्या घराने मिळून सोडवायचा प्रश्न तुम्ही एकट्या आपल्या स्वभावाचा दोष म्हणून अंगावर घेतला आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं ते तुमच्यासारख्यांचा विचार करूनच. नोकरी, संसार, शेती सांभाळून शिकता यावं, रोज कॉलेजात जावं लागू नये. पण कॉलेजात जावं लागत नाही यातच एक खाच आहे. मुलगी कॉलेजला निघाली की घर तिला अडवत नाही, कारण ती घराबाहेर पडते. तुम्ही घरातच बसून शिकता, म्हणून कुणाला तुम्ही शिकताय असं दिसतच नाही. रात्रशाळेतल्या बायका मला सांगायच्या, "बाई, शाळेत आले म्हणून अभ्यास होतो, घरी वही काढली की कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागतात." आमच्या शाळेतल्या बाकांचा मोठा उपयोग तोच होता, तिथे त्यांना कुणी पाणी मागत नसे.

म्हणून पहिलं काम अभ्यासाचं नाहीच. घरात सगळे असताना, जेवणाच्या वेळी, सांगा : सोमवार ते शुक्रवार साडेआठ ते साडेनऊ मी अभ्यासाला बसणार. त्या तासात भांडी, ओटा, दूध तापवणं, सकाळची भाजी निवडणं यातलं काय कोण करणार ते आत्ता ठरवू. "मदत कराल का" असं विचारू नका. त्यातून अभ्यास हा तुमचा शौक आणि काम ही तुमची जबाबदारी असं ठरून जातं. वाटणी करा. मुलीला सांगा, मनापासून आहे की नाही हे बघायचं असेल तर आठवड्यातून दोन रात्री ओटा तुझा. काही कामं कुणीच घेणार नाही. ती नीट झाली नाहीत तरी चालवून घ्या. पोळ्या आठवड्यातून दोनदा पोळी-भाजी केंद्रातून आणल्या तर घराचं काही बिघडत नाही. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल याची मला कल्पना आहे. भांडी नीट घासली गेली नाहीत म्हणून मध्येच उठू नका.

जमत असेल तर त्या तासाला घराबाहेर पडा. जवळचं वाचनालय, नाही तर ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत अशा मैत्रिणीचं घर. ओढणी घेऊन, चपला घालून बाहेर पडलेल्या बाईला घर हाक मारत नाही.

आणि ती पिशवी. आज फक्त गाठ सोडा, पुस्तकं दिवाणाखालून काढून सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी मांडा. वाचायला नंतर घ्या. ज्या विषयाची तुम्हाला आपसूक ओढ आहे तो आधी घ्या. अवघड विषयाने सुरुवात करावी असं सांगणारे पुष्कळ भेटतील, तुम्ही त्यांचं ऐकू नका. दिवसभर राबलेल्या माणसाला पुस्तकापाशी बसायला काही तरी गोडी लागते.

प्रश्न : वय 54, बँकेत अधिकारी आहे. तीन वर्षांपासून मधुमेह. डॉक्टर दर वेळी चालायला सांगतात. एक जानेवारीला, गुढीपाडव्याला, वाढदिवसाला मी निश्चय करतो. बूट आणले, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आणलं. एकवीस दिवस केलं की सवय लागते असं ऐकून आहे, पण नवव्या-दहाव्या दिवशी खंड पडतो आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा नव्याने एकवीस दिवस मोजायची इच्छा राहत नाही. (वि. ज., छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : एकवीस दिवसांचा हा आकडा तुम्ही मनातून काढून टाकलात तर निम्मं काम होईल. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं, की चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नवा चेहरा आपला वाटायला किमान एकवीस दिवस लागतात. तोंडोतोंडी त्यातलं "किमान" गळलं, चेहरा गळला, आणि प्रत्येक सवयीला एकवीस दिवस असा नियम होऊन बसला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासलं, तो अभ्यास 2010 चा. रोजची एक छोटी कृती अंगवळणी पडायला लोकांना साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तुमचं चालणं नवव्या दिवशीच्या खंडाने बंद पडत नाही. खंड पडला म्हणून तुम्ही दहाव्या दिवशी पहिल्यापासून मोजायला बसता, त्याने बंद पडतं.

मोजदाद सोडा आणि चालणं जेवणाला बांधा. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात टाइप-2 मधुमेहींवर झालेल्या 2016 च्या अभ्यासात दिसलं, की दिवसातून एकदा सलग तीस मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली, रात्रीच्या जेवणानंतर तर विशेष. तुम्ही पहाटे उठायचा निश्चय करता आणि हरता. पहाट सोडून द्या. रात्रीचं ताट उचललं की हात धुऊन थेट चपला. बूटसुद्धा नकोत, बूट घालायला बसलात की टीव्हीसमोर बसाल. कॉलनीत दहा मिनिटांची फेरी मारून परत. दुपारी बँकेत डबा खाल्ला की एक मजला खाली उतरून आवारात तेवढंच. नाश्त्यानंतरचं मागाहून बघा. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर हे सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

घड्याळ ठेवायचं तर ठेवा. मी तुमच्या जागी असते तर ते ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. दहा हजार पावलांचा आकडा ज्याच्या मनगटावर आहे त्याला दहा मिनिटांची फेरी क्षुल्लक वाटायला लागते, आणि तुमची तब्येत त्या फेरीनेच सुधारणार आहे.

प्रश्न : मी 71 वर्षांचा निवृत्त कर्मचारी. एक फ्लॅट, थोडी शेती, बँकेत ठेवी. दोन मुली, एक मुलगा. पाच वर्षांपासून मृत्युपत्र करायचं मनात आहे. दर दिवाळीला मुलं जमली की ठरवतो, आणि राहून जातं. एरवी माझं एकही काम पडून राहत नाही. (आ. गो. कु., सांगली)

उत्तर : एरवी एकही काम पडून राहत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हे पडून राहतं कारण हे लिहायला बसलं की आपण नसू तेव्हाचं घर डोळ्यांपुढे आणावं लागतं. त्यातून कुणाला किती हे लिहिताना एखाद्या मुलाचं मन दुखावेल अशी धास्ती. दिवाळीला सगळी हसत-खेळत असताना हा विषय काढवत नाही, यात नवल काय? दिवाळी हा त्यासाठी चुकीचाच दिवस आहे. मुलं जमण्याची वाट बघू नका. मृत्युपत्र करायला त्यांनी हजर असण्याची गरज नसते.

कायद्याने ते जेवढं अवघड वाटतं तेवढं नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी केली तर चांगलं, पण सक्तीची नाही. तुमची सही, आणि ती सही होताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या तुमच्यासमोर केलेल्या सह्या, हा गाभा. हयात असेपर्यंत केव्हाही बदलता येतं, तेव्हा आज लिहिलं ते काळ्या दगडावरची रेघ झालं असं मानू नका. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावेत. शेती वडिलोपार्जित असेल तर तुमच्या हिश्शापुरतंच लिहिता येईल, तेवढं वकिलांकडून समजून घ्या. ठेवींना नॉमिनी लावला आहे म्हणून काम झालं असं समजू नका. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, वारसांचा हक्क तिथे संपत नाही.

पहिला कागद मृत्युपत्राचा नसू द्या. आज संध्याकाळी नुसती यादी करा : कुठली ठेव कुठल्या शाखेत, सात-बारावर नाव कसं आहे, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट कुठे ठेवलं आहे. त्यात कुणाला काय हे लिहायचंच नाही. कागदपत्रांची कामं तुम्ही आयुष्यभर केली आहेत, ही यादी तुमच्या हाताला परकी वाटणार नाही. वाटणीचा विचार दुसऱ्या बैठकीत, पत्नी असतील तर त्यांना शेजारी बसवून. आणि वकिलांची वेळ मात्र यादी पूर्ण व्हायची वाट न बघता उद्या सकाळीच फोन करून घ्या. अर्धी यादी घेऊन गेलात तरी काय कमी आहे ते ते सांगतील.